मित, मात्र आणि मितंपच

एका वाचकाने विचारले आहे : "निवृत्त होणाऱ्या एका शिक्षिकाबाईंसाठी मानपत्र लिहितो आहे. त्यात 'मितभाषी' हा शब्द घातला, तर मसुदा वाचून एका सहकाऱ्याने हरकत घेतली. बाई तासभर सलग बोलतात, त्या मितभाषी कशा? मला म्हणायचे होते की त्या बोलतात भरपूर, पण त्यात फालतू शब्द एकही नसतो. माझा शब्द चुकला का? आणि 'मित' फक्त बोलण्यालाच लागतो, की राहणीलाही?"

तुमचा शब्द चुकलेला नाही. हरकत घेणाऱ्यालाही सरळ चूक ठरवता येत नाही, कारण आज बहुतेकांना 'मितभाषी' म्हटले की 'कमी बोलणारा' एवढेच ऐकू येते.

'मा' म्हणजे मापणे, या धातूपासून 'मित', म्हणजे मापलेले. मान, प्रमाण, परिमाण, अनुमान, उपमा ही सगळी त्याचीच भावंडे, आणि भूमिती-त्रिकोणमितीत तर तो उघड दिसतो. आपले रोजचे 'मावणे' हे क्रियापदही याच घरातले. भांड्यात मावले म्हणजे भांड्याच्या मापात बसले. (एक सावधगिरी. 'नियमित' आणि 'संयमित' यांच्या शेपटाला दिसणारा 'मित' फसवा आहे. तिथला धातू 'यम्', म्हणजे आवरणे. 'सीमित'मधला 'मि' सीमेतून आला. 'स्मित'चा तर काहीच संबंध नाही.)

मापलेले म्हणजे किती, हे 'मित' स्वतः सांगत नाही. खंडीभर धान्यही मापलेले असते आणि चिमूटभर औषधही. मग त्यात 'कमी' शिरले कुठून? मराठीत मापाचे जवळपास सगळेच शब्द या उतारावरून घसरलेले दिसतात. 'मोजके' म्हणजे खरे तर मोजलेले, पण मोजकीच माणसे आली म्हटले की थोडीच आली. 'बेताने घे' यात प्रमाणाचा सल्ला आहे, 'बेताची परिस्थिती' यात मात्र गरिबी. 'माफक' अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ जुळणारा, अनुरूप, आणि आपल्याकडे माफक दर म्हणजे स्वस्त, माफक यश म्हणजे जेमतेम. 'मर्यादित' हीसुद्धा आता तक्रारच झाली आहे. मला वाटते, कारण साधे आहे. जे थोडे असते तेच माणूस मोजत बसतो. मुबलक असेल त्याला आपण अमित, अगणित, अपरिमित म्हणतो, म्हणजे न मोजलेले किंवा न मोजता येणारे. साहजिकच मोजलेले ते थोडे, असा हिशेब भाषेच्या अंगवळणी पडला.

याच धातूचा 'मात्र' हा शब्द तर दोन्ही टोकांना जाऊन बसला आहे. 'मात्रा' म्हणजे माप. 'क्षणमात्र', 'लेशमात्र' यांत एवढेच, फक्त. पण 'प्राणिमात्र' म्हणजे थोडे प्राणी नव्हेत, झाडून सगळे प्राणी. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने हे दोन्ही अर्थ 'मात्रं कार्त्स्न्येऽवधारणे' असे एका दमात सांगून टाकले आहेत : कार्त्स्न्य म्हणजे संपूर्णता, अवधारण म्हणजे 'एवढेच'. माप काठोकाठ भरले तर संपूर्ण, आणि त्यावर एक दाणाही नको म्हटले तर एवढेच. मला 'मित'चा मूळ अर्थ समजून घ्यायला हा 'मात्र' सगळ्यात उपयोगी वाटतो.

आता बाईंच्या तासभर बोलण्याकडे. शके 1212 मधल्या ज्ञानेश्वरीत 'मित'ला मराठी रूप मिळालेले दिसते. तेराव्या अध्यायात, अहिंसेच्या विवेचनात, बोलणे कसे असावे ते सांगताना ओवी येते : 'साच आणि मवाळ । मितले आणि रसाळ । शब्द जैसे कल्लोळ । अमृताचे ॥' शब्द मितले, आणि उपमा मात्र कल्लोळाची! कल्लोळ म्हणजे लाटा, एकीमागून एक येणाऱ्या. मित म्हणजे कमी एवढेच असते तर इथे थेंब आला असता. शिवाय खुद्द ही ओवी ज्या ग्रंथात आहे त्याने गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगितल्या आहेत. आकडा बघून ज्ञानेश्वरांना मितभाषी म्हणायला कोणी धजणार नाही. ओव्या वाचल्यावर दुसरे काही म्हणता येत नाही.

संस्कृतात याची नेमकी व्याख्या श्रीहर्षाच्या नैषधीयचरित या महाकाव्यात आहे. 'मितं च सारं च वचो हि वाग्मिता' एवढा तुकडा पुष्कळांना पाठ असतो : मापलेले आणि सारवान बोलणे म्हणजेच वक्तृत्व. त्याच्या आधीचा चरण फारसा कोणी म्हणत नाही, आणि खरी मेख तिथे आहे. 'गरौ गिरः पल्लवनार्थलाघवे', म्हणजे वाणीची विषे दोन. एक पल्लवन, उगाच पालवी फुटू देणे, ज्याला आपण पाल्हाळ, चऱ्हाट, फापटपसारा म्हणतो. दुसरे अर्थलाघव, अर्थाचा हलकेपणा. म्हणजे नुसते कमी बोलून सुटका नाही. दोनच वाक्ये बोलला आणि ती पोकळ निघाली, तरी दुसरे विष आहेच. सभेत "छान झाले, धन्यवाद" एवढे बोलून बसणारा मितभाषी ठरत नाही.

कमी बोलणाऱ्यांसाठी मराठीत चांगले वेगवेगळे शब्द आहेत, त्यांचे काम 'मितभाषी'वर का टाकावे? अबोल हा स्वभाव झाला. घुम्या मनात ठेवतो, त्यात थोडा संशय आहे. मुखदुर्बळ हा माझा आवडता शब्द : ज्याच्यापाशी बोलायला असते, पण ऐनवेळी तोंडातून निघत नाही. मुखदुर्बळाला मितभाषी म्हणणे म्हणजे त्याच्या अडचणीला गुण ठरवणे. तो घरी गेल्यावर मनातल्या मनात तासभर भांडत असतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. मितभाषी माणूस बोलायच्या जागी बोलतो, भिडेपोटी गप्प राहत नाही. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात 'काले हितं मितं ब्रूयात्' म्हटले, त्यात 'काले' पहिले आहे. वेळेवर, हिताचे, आणि मग मापाचे.

राहणीचे उत्तर याच वाग्भटाकडे मिळते. 'मात्राशी सर्वकालं स्यात्', नेहमी मात्रेत खाणारा असावे. ही मात्रा सगळ्यांना एकच नसते. आहाराची मात्रा ज्याच्या त्याच्या जठराग्नीच्या, म्हणजे पचनशक्तीच्या, बळावर ठरते, असे चरकसंहितेत, आयुर्वेदाच्याच दुसऱ्या ग्रंथात, म्हटले आहे. शिवाय मात्रेहून कमी खाण्याला वाग्भट गुण मानत नाही, हीनमात्र जेवणाने बळ वाढत नाही असे सांगतो. त्याचा ठोकताळाही आहे : पोटाचे चार भाग धरून दोन अन्नाने, एक पेयाने भरावा आणि चौथा मोकळा सोडावा. पाऊण भरलेल्या पोटाला अर्धपोटी कोण म्हणेल?

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, गीतेतल्या 'युक्ताहारविहारस्य' या श्लोकावर, बोलणे आणि राहणी एकाच मापाने मोजली आहे. आहार 'युक्तीचेनि मापें मविजे', आणि पुढे 'मितला बोलीं बोलिजे । मितलिया पाउलीं चालिजे'. पावलेसुद्धा मितली! कमी चालावे असा अर्थ घेतला तर ओवी हास्यास्पद होईल. तेव्हा राहणीलाही 'मित' लागतो, आणि मिताहारी, मितव्ययी हे शब्द रुळलेले आहेतच. 'संयम' मात्र याला पर्याय म्हणून वापरू नका. संयमात ओढ असते आणि ती आवरावी लागते, मित माणसाला दर वेळी लगाम खेचावा लागतोच असे नाही. जवळचा शब्द हवाच असेल तर 'तारतम्य'. 'तर' आणि 'तम' या तुलनेच्या दोन प्रत्ययांतून तो झाला आहे : काय जास्त, काय त्याहून जास्त, हे ओळखणे.

एक खाच मात्र आहे. 'मितंपच' हा संस्कृत शब्द, शब्दशः 'मापून शिजवणारा'. पाणिनीने 'मितनखे च' या सूत्रात त्याच्या रूपाची सोय केली आहे. त्याच्या आधीच्या सूत्रात 'प्रस्थंपच' बसतो, म्हणजे प्रस्थभर (प्रस्थ हे जुने धान्याचे माप) शिजवणारे भांडे. दोघेही मापानेच शिजवतात. पण भांड्याला कोणी नावे ठेवली नाहीत आणि माणसाला अमरकोशाने थेट कृपणाच्या ओळीत बसवले. म्हणजे मापणे म्हणजे हात आखडणे, ही घसरण मराठीने सुरू केलेली नाही. म्हणून 'मितव्ययी' हा शब्दही कोणाच्या मानपत्रात घालताना दोनदा विचार करा.

'मितभाषी' ठेवा. सहकाऱ्याची शंका ऐकणाऱ्यांनाही येणार असेल तर तो एकटा सोडू नका, 'मितभाषी आणि सारभाषी' असे लिहा. दुसरा शब्द थोडा घडवल्यासारखा वाटेल, पण मानपत्रात तेवढे खपते. आणि छापायला देण्यापूर्वी वेलांट्या तपासा : 'मि' ऱ्हस्व, 'षी' दीर्घ. 'मीतभाषी' मी आजवर तीन मानपत्रांत पाहिला आहे, त्यातला एक माझ्याच हातचा होता.