मागचे ब्रेक पॅड पुढच्यांच्या आधी का संपतात?

तुमच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारचे पुढचे पॅड निम्मे शिल्लक आहेत, मागचे मात्र दुसऱ्यांदा संपले आणि मेकॅनिक म्हणतो, 'तुम्ही गाडी फार जोरात हाणता'. हे उत्तर अर्धंच आहे. ब्रेक करकचून दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि जास्त काम पुढच्या चाकांवर पडतं. नुसत्या जोरकस ब्रेकिंगने आधी पुढचेच पॅड संपायला हवेत. तुमच्याकडे उलटं होतंय, म्हणजे कारण दुसरं आहे.

मागचे जुने पॅड अजून टाकून दिले नसतील तर चारही ओळीने मांडा, कुठला कुठल्या चाकाचा आणि आतला की बाहेरचा हे खडूने लिहा, आणि व्हर्नियरने जाडी मोजा. निम्मं निदान तिथेच होतं. एकाच चाकाचे जास्त झिजलेत, आतल्या-बाहेरच्यात मोठा फरक आहे किंवा पॅड तिरका घासलाय, तर काहीतरी अडकतंय. बहुतेक वेळा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) स्लाइड पिनच असतात, म्हणजे ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या: रबरी बूट फाटतो, पाणी शिरतं, ग्रीस वाळतं. पिन बोटाने सहज आत-बाहेर सरकली पाहिजे. साफ करून ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. हँडब्रेक केबलचा असेल तर तो सोडल्यावर कॅलिपरवरचा लिव्हर पूर्ण मागे येतो का, तेही बघा. चाचणी सोपी आहे. ब्रेक कमीत कमी वापरून थोडं अंतर चालवा, थांबल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही मागच्या डिस्क तपासा. एक चांगलीच जास्त तापली असेल तर तिचाच ब्रेक चिकटतोय.

चारही पॅड सारखेच झिजले असतील तर कॅलिपर उघडत बसू नका. (हँडब्रेक दोन्हीकडे थोडा ओढलेला राहत नाही ना, एवढं मात्र जॅकवर चाकं फिरवून पाहा.) मग संशय इलेक्ट्रॉनिक्सवर. तुमची गाडी मागच्या चाकांवर चालणारी आहे आणि बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये खऱ्या लिमिटेड स्लिप डिफरेन्शियलचं (एलएसडी, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी गिअरची यंत्रणा) काम ब्रेककडून करून घेतात. वळणातून बाहेर पडताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता, आतलं मागचं चाक हलकं होऊन घसरू पाहतं, संगणक त्याला ब्रेक लावतो आणि ताकद बाहेरच्या चाकाकडे जाते. टॉर्क व्हेक्टरिंग (वळताना चाकांमध्ये ताकद मुद्दाम कमी-जास्त वाटणारी यंत्रणा) असेल तर चाक घसरण्याआधीही हे होतं, डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकेलच असं नाही. तुमचा पाय ब्रेकवर नाही, पॅड मात्र घासतोय! त्यात ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) हलक्या ब्रेकिंगला मागच्या चाकांना बऱ्यापैकी काम देते, म्हणजे शहरातल्या रहदारीतही मागचे झिजतातच. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद केल्याने हा भाग बंद होतोच असं नाही, मॅन्युअलमध्ये बघा.

आणखी एक, बऱ्याच गाड्यांत मागचे पॅड मुळातच पातळ असतात. तेव्हा 'निम्मे शिल्लक' हे टक्क्यांत नको, मिलिमीटरमध्ये बोला. साधारण ३ मिमी उरले की बदलायचे.

उपाय? वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा अ‍ॅक्सिलरेटर वाढवा. फरक दिसेल. ट्रॅकवर नियमित जात असाल तर मेकॅनिकल एलएसडीचा खर्च वसूल होतो. फक्त मागे कडक रेसिंग पॅड टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ब्रेकचा तोल बिघडतो, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी सुटणं म्हणजे गाडी गरकन फिरणं. बदलायचेच तर पुढे-मागे जुळणारे बदला.

पॅड घरी बदलणार असाल तर हँडब्रेक यंत्रणा आत असलेल्या कॅलिपरचा पिस्टन बहुधा फिरवून आत घ्यावा लागतो, सी-क्लॅम्पने दाबलात तर आतली यंत्रणा मोडू शकते. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये टाका, म्हणजे त्याची मोटर मागे सरकते.

चारही पॅडची जाडी आणि गाडीत एलएसडी आहे की नाही तेवढं कळवा, मग नेमकं सांगता येईल.