सूनबाईंचं बाळंतपण जर्मनीत, मग पॉलिसी इथून काढायची का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मुलगा युक्रेनमध्ये खारकिवला एमबीबीएस करत होता, 2021 मध्ये तिथल्याच मुलीशी लग्न केलं, मग युद्ध सुरू झालं तेव्हा बाकीची मुलं ऑपरेशन गंगाने परत आली पण हे दोघं पोलंडवरून जर्मनीत गेले, 2022 पासून लाइपझिगला आहेत. दोघांनाही तात्पुरत्या संरक्षणाचा परवाना आहे, खर्च जॉबसेंटर, म्हणजे तिथलं सरकारी रोजगार कार्यालय देतं. सूनबाईंना पाचवा महिना लागलाय. इथला एक एजंट म्हणतो शरणार्थ्यांना तिथे फक्त इमर्जन्सी मिळते, डिलिव्हरीचा खर्च अंगावर येईल, 58 हजारांची पॉलिसी घ्या. रात्र-रात्र झोप नाही. काय करू? आणि मला बाळंतपणाला जायचंय. सूनबाईंच्या कार्डाचा फोटो पाठवलाय.

उत्तर : ताई, आधी एजंटला नाही म्हणा. पैसे दिले नसतील तर देऊच नका.

तो म्हणतो ते कुठून आलं ते सांगते. युरोपियन युनियनचा तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा 2001 चा आहे, पण वापरला पहिल्यांदा 4 मार्च 2022 ला, युक्रेनसाठी. त्यात सगळ्या देशांना किमान बंधन एवढंच की इमर्जन्सी आणि आजारावरचे आवश्यक उपचार द्या. पण ही खालची मर्यादा झाली, त्याच्या वर किती द्यायचं ते प्रत्येक देश ठरवतो, आणि जर्मनीने 1 जून 2022 पासून युक्रेनहून आलेल्या या लोकांना जॉबसेंटरकडे घेतलं, म्हणजे जर्मन माणसाचा असतो तोच सरकारी आरोग्य विमा, हप्ता जॉबसेंटर भरतं. तुमच्या फोटोतच बघा ना, सूनबाईंच्या फोटोशेजारी एक अक्षर आणि पुढे नऊ आकडे आहेत, तो त्यांचा विमा नंबर. विमा आहे म्हणूनच हे कार्ड आलंय.

बाळंतपण त्यात पूर्ण येतं. तपासण्या, सोनोग्राफी, दवाखान्यातली डिलिव्हरी सगळं. एरवी औषधाला 5 ते 10 युरो आणि दवाखान्यात दिवसाला 10 युरो आपले द्यावे लागतात, गर्भारपणाशी संबंधित उपचारांना तेही नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे सुईण, तिकडे तिला हेबामे म्हणतात, ती बाळ झाल्यावर पहिले 10 दिवस रोज घरी येऊ शकते, पुढे 12 आठवड्यांपर्यंत लागेल तशी, बाळाला अंगावर घेता येत नसेल, टाका दुखत असेल तर तीच बघते. पैसे विमा देतो. पण हेबामे मिळत नाहीत ताई, फार मागणी असते, पाचवा महिना म्हणजे उशीरच झालाय, आजच मुलाला फोन करून शोधायला लावा. पॉलिसीपेक्षा याची काळजी करा.

बाळ जन्मलं की जन्मदाखला घेऊन क्रांकेनकासेला, म्हणजे विमा संस्थेला लगेच कळवायचं. बाळाचं कार्ड यायला वेळ लागला तर त्यांच्याकडून विमा असल्याचा कागद मागून घ्या, डॉक्टर तो चालवून घेतात. मुलाला पुढे नोकरी लागली तर विमा नोकरीतून सुरू होतो, हप्ता साधारण अर्धा मालक भरतो, आणि जॉबसेंटरचे पैसे पूर्ण बंद झाले तरी बायकोला कमाई नसेल तर ती आणि बाळ त्याच्याच विम्यात फुकट येतात. मध्ये खंड पडू देऊ नका म्हणावं. हे संरक्षण सध्या 4 मार्च 2027 पर्यंत वाढवलेलं आहे, तेव्हा परवान्याच्या तारखेवरही लक्ष ठेवा.

एजंटची पॉलिसी बहुधा ट्रॅव्हल पॉलिसी असणार, ती इथून निघणाऱ्या प्रवाशासाठी असते आणि बहुतेकींत डिलिव्हरी वगळलेली असते. तशी पॉलिसी तुम्हाला मात्र लागेल, शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसासाठी, किमान 30 हजार युरोंचं कव्हर हवं. बीपी-शुगर असेल तर जुन्या आजाराचं कलम आधी वाचा. 180 दिवसांत 90 च दिवस राहता येतं, म्हणून डिलिव्हरीच्या तारखेआधी फार लवकर जाऊन बसू नका, खरी गरज नंतर असते. आणि साजूक तूप बॅगेत नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, डिंक आणि खारीक इथून न्या, तूप तिकडे लोणी कढवून करा.

प्रश्न : माझा भाचाही 2022 ला खारकिवहून परत आला. त्याचं लग्न झालेलं नाही. जर्मनीत गेला तर त्यालाही असा विमा मिळेल का? (विजयनगर, इंदूर)

उत्तर : नाही मिळणार. वरच्या ताईंच्या मुलाला मिळालं ते लग्नामुळे, आणि तेही 24 फेब्रुवारी 2022 च्या आधीपासून त्यांचा संसार युक्रेनमध्ये होता म्हणून. नुसत्या विद्यार्थी परवान्यावर तिथे राहणारा आणि सुखरूप घरी परतू शकणारा भारतीय यात येत नाही. त्याला शिकायचंच असेल तर स्टुडंट व्हिसावर जावं, 30 वर्षांच्या आत असेल तर तिथल्या सरकारी विम्यात विद्यार्थी दराने नाव घालता येतं, तो हप्ता महिन्याच्या खर्चात आधीच धरा.