निर्णय साहाय्य प्रणाली : आकडा दिसतो, पण हलतो का?

संगणकावर चालणाऱ्या निर्णय साहाय्य प्रणालीबद्दल, म्हणजे डीएसएसबद्दल (डिसिजन सपोर्ट सिस्टिम), आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. लांबलेले प्रश्न थोडे छाटले आहेत, आशयाला हात लावलेला नाही.

प्रश्न : डीएसएसचे मुख्य घटक एका पुस्तकात तीन दिलेत, दुसऱ्यात चार आणि सरांच्या नोट्समध्ये पाच. परीक्षेत नेमके किती लिहू?

तिनापासून सुरुवात करा. राल्फ स्प्रेग आणि एरिक कार्लसन यांनी 1982 च्या आपल्या पुस्तकात डेटा, मॉडेल आणि डायलॉग अशी मांडणी केली आणि पुढच्या बहुतेकांनी तिच्यातच भर घातली. डेटा म्हणजे काय घडलं त्याच्या नोंदी आणि त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर. मॉडेल म्हणजे त्या नोंदींवरून पुढचा हिशोब मांडण्याची रीत. डायलॉग म्हणजे माणूस आणि प्रणाली यांच्यातली देवाणघेवाण जिथे होते तो भाग. आज सगळे त्याला यूजर इंटरफेस म्हणतात, पण मला जुना शब्द बरा वाटतो. इंटरफेस म्हटलं की नुसता स्क्रीन डोळ्यांपुढे येतो. संवाद म्हटलं की दोन्ही बाजूंनी बोलणं आलं.

चौथा घटक नॉलेज बेस. तज्ज्ञांचे नियम संगणकात भरता येतात हे दिसल्यावर तो या यादीत आला. पाचवा कोणता, यावर एकमत नाही. कोणी वापरणाऱ्या माणसालाच घटक धरतं, कोणी नेटवर्कला. मी माणसाला धरतो, कारण शेवटी सही त्याची असते. उत्तरपत्रिकेत चार लिहा, पण ते एकमेकांना काय देतात-घेतात याची आकृती काढा. नुसत्या व्याख्या पाठ करून फार काही हाती लागत नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसात भिंतीवर मोठा डॅशबोर्ड लावलाय. रंगीत तक्ते, दर पाच मिनिटांनी ताजे आकडे. विक्रेता म्हणतो, हीच डीएसएस. खरं का?

अर्धं खरं. निव्वळ डेटावर चालणारी डीएसएस हा मान्य प्रकार आहे, त्यामुळे त्याला खोटं पाडता येणार नाही. पण एक करून बघा. त्या स्क्रीनला विचारा, ‘पुढच्या महिन्यात मागणी दहा टक्क्यांनी घसरली तर?’ काहीतरी बदलून दिसलं, तर मागे मॉडेल आहे. काहीच हललं नाही, तर तुमच्याकडे एक छान फलक आहे. फलकही उपयोगी असतो, फक्त त्याच्याकडून सल्ल्याची अपेक्षा ठेवू नये.

मुळात हा शब्द कशासाठी आला ते पाहिलं की फरक कळतो. अँथनी गॉरी आणि मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी 1971 मध्ये तो वापरला, तेव्हा त्यांनी निर्णयांची प्रतवारी केली होती. पगारपत्रक तयार करणं हे पूर्ण बांधेसूद काम. नियम ठरलेले असतात, संगणक एकटा ते उरकतो. उलट टोकाला असे निर्णय, ज्यांना ठरलेली कृतीच नाही. मधल्या पट्ट्यात हिशोबाचा भाग संगणकाने करायचा आणि अंदाजाचा, तारतम्याचा भाग माणसाने. डीएसएसची खरी जागा तिथे आहे.

प्रश्न : मी गोदामाचं काम पाहतो. सॉफ्टवेअर सांगतं, ‘600 नग मागवा’. हा 600 कुठून येतो हे कोणालाच सांगता येत नाही. मॉडेल बेसमध्ये नेमकं असतं काय?

या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न हा. मॉडेल बेस म्हणजे गणिती मॉडेलांचा संच: पुढच्या मागणीचा अंदाज बांधणारी, मर्यादित साधनं वाटून देणारी, हजार वेळा फासे टाकून जोखीम मोजणारी. त्यांना साठवणारं, जोडणारं, हवं तेव्हा चालवणारं सॉफ्टवेअरही त्यातच आलं. तुमच्या 600 मागे बहुधा यातलं सगळ्यात जुनं मॉडेल असावं. एका वेळी किती नग मागवावे हे काढण्याचं ते मॉडेल फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्ये, म्हणजे संगणक यायच्या कितीतरी आधी मांडलं.

हिशोब कागदावर करू. वर्षाची मागणी 3600 नग. एकदा ऑर्डर देण्याचा खर्च 200. एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च 4. चलन कुठलंही धरा. थोड्या थोड्या ऑर्डरी दिल्या तर ऑर्डरींचा खर्च वाढतो, एकदम भरपूर माल आणला तर सांभाळण्याचा. दोन्ही मिळून सगळ्यात कमी खर्च कुठे येतो? 3600 ला 200 ने गुणा, त्याची दुप्पट करा, 4 ने भागा, वर्गमूळ काढा: 600. वर्षात सहा ऑर्डरी, त्यांचा खर्च 1200. गोदामात सरासरी 300 नग, त्यांचा खर्चही 1200. एकूण 2400.

मॉडेलची खरी गंमत यानंतर आहे. समजा तुम्ही 600 ऐवजी 900 मागवले, म्हणजे दीडपट. ऑर्डरी चार, खर्च 800, साठ्याचा 1800, एकूण 2600. दीडपट चूक करूनही खर्च जेमतेम आठ टक्क्यांनी वाढला! आता उलट दिशेने चुका, 300 मागवा. ऑर्डरी बारा, खर्च 2400, साठ्याचा 600, एकूण 3000. थेट पंचवीस टक्के वाढ. म्हणजे ट्रकमध्ये 700 नग नीट बसत असतील, तर 600 चा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मात्र खूप कमी मागवणं महागात पडेल. एकट्या 600 या आकड्याने तुम्हाला हे कधीच सांगितलं नसतं. कोणता आकडा बदलला की उत्तर किती हलतं हे तपासण्याला सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस म्हणतात, आणि डीएसएसमधली ही सर्वांत उपयोगी सोय आहे असं माझं मत.

एक पथ्य. हे मॉडेल मागणी वर्षभर सारखी आहे असं गृहीत धरतं. तुमचा माल हंगामी असेल तर 600 हा आकडा निरर्थक ठरू शकतो. म्हणून विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: मॉडेल कोणतं आणि गृहीतकं कोणती.

प्रश्न : हे सगळं स्प्रेडशीटमध्ये होत नाही का?

होतं, आणि जगभर होतंच. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिजिकॅल्क 1979 मध्ये ॲपल टू संगणकावर आला आणि ‘असं झालं तर?’ हा प्रश्न कोणालाही विचारता येऊ लागला. धोका असा, की स्प्रेडशीटमध्ये डेटा, मॉडेल आणि स्क्रीन एकाच चौकटीत मिसळलेले असतात. सूत्र कुठे संपलं आणि हाताने टाकलेला आकडा कुठे सुरू झाला, कळत नाही. सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा 2010 चा निबंध गाजला होता. 2013 मध्ये एका विद्यार्थ्याने त्यांची फाइल उघडली तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले आढळले. पद्धतीवरही आक्षेप होते, पण ही चूक साध्या रेंजची, म्हणजे सूत्रात कोणत्या ओळी घ्यायच्या त्याची होती. तेव्हा गृहीतकं वेगळ्या शीटवर ठेवा, सूत्रांचे सेल लॉक करा.

प्रश्न : आमच्याकडे व्यवहारांचा सगळा डेटाबेस आहेच. मग डीएसएससाठी वेगळं डेटा वेअरहाउस कशाला?

वेअरहाउस म्हणजे विश्लेषणासाठी सगळ्या विभागांचा डेटा एकत्र करून वेगळा ठेवलेला साठा. तो वेगळा ठेवायला दोन कारणं. चालू व्यवहारांच्या डेटाबेसवर पाच वर्षांची माहिती मागणारी जड क्वेरी सोडलीत तर काउंटरवरचं बिल अडकेल, हे पहिलं. दुसरं जास्त महत्त्वाचं. एका कामावर मी असताना विक्री विभाग ‘चालू ग्राहक’ म्हणजे गेल्या सहा महिन्यांत खरेदी केलेला असं मानत होता, तर हिशोब विभागाच्या मते ज्याचं खातं बंद झालेलं नाही तो. एकाच बैठकीत दोन वेगळे आकडे आले आणि अख्खी दुपार वाद घालण्यात गेली. मॉडेल चालवण्याची वेळच आली नाही. वेअरहाउस बांधताना अशा व्याख्या आधी बसून ठरवाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं वाळूवर.

प्रश्न : मी डॉक्टर आहे. औषध लिहिताना सिस्टिम इतक्या सूचना देते की आम्ही न वाचताच ‘ओके’ दाबतो. हा दोष कोणत्या घटकाचा?

नॉलेज बेस आणि संवाद, दोघांचाही. नियम लिहिणाऱ्याला प्रत्येक इशारा महत्त्वाचा वाटतो. जिवावरची ॲलर्जी आणि दोन औषधांची किरकोळ आंतरक्रिया एकाच रंगाच्या खिडकीत आल्या की डोळा दोन्हींना सारखंच सरावतो. तीव्रतेप्रमाणे पायऱ्या करायला सांगा: गंभीर असेल तरच काम थांबवायचं, बाकीचं बाजूला शांतपणे दाखवायचं. कोणता इशारा किती वेळा डावलला जातो याची नोंदही मागून घ्या.

तुमच्या क्षेत्रातला जुना दाखला मायसिनचा. स्टॅनफर्डमध्ये 1970 च्या दशकात तयार झालेली ही प्रणाली रक्तातल्या जिवाणूसंसर्गावर प्रतिजैविक सुचवायची. ‘हे का विचारतोस?’ असं विचारलं तर ती आपला नियम उलगडून सांगायची, जे आजच्याही अनेक सिस्टिमना जमत नाही. तिच्या शिफारशी तज्ज्ञांच्या तोडीच्या निघाल्या, तरी ती प्रत्यक्ष वॉर्डात वापरात आली नाही. एक अडचण अशी, की तिच्या प्रश्नांना एकेक करून उत्तरं टाइप करत बसावं लागे. ज्ञान पक्कं असलं, तरी रुग्णाच्या नोंदींशी जोड नव्हती.

प्रश्न : आता एआयशी गप्पा मारून उत्तर मिळतं. मग हे घटक शिकायचे कशाला?

चॅटबॉट संवादाच्या भागात फार छान बसतो. बटणं शोधण्यापेक्षा साध्या भाषेत विचारणं केव्हाही सोपं. पण गोदामवाल्यांचा तोच प्रश्न त्याला विचारा, किती नग मागवू? मग पाठोपाठ विचारा: मागणीचा आकडा कोणत्या तारखेपर्यंतच्या डेटातून घेतला, कोणतं मॉडेल चालवलं, आणि सांभाळण्याचा खर्च 4 ऐवजी 9 केला तर? बरोबर उत्तर 400. मागे मॉडेल जोडलेलं असेल तर ते 400 च देईल, कितीही वेळा विचारलं तरी.