छाव्यांना दूध पाजायला अडीच लाख?

पत्र : मुलीला बारावी सायन्सला ८१ टक्के आहेत. नीटमध्ये एमबीबीएस मिळेल एवढे गुण नाहीत. आमच्या गोठ्यात सहा गायी आहेत, तिला पहिल्यापासून जनावरांचा लळा. २०२२ च्या लम्पीत डॉक्टरांबरोबर लसीकरणाला वस्त्यांवर जायची. आता बीव्हीएससी करते म्हणते. पण ढोरांचा डॉक्टर होऊन वाड्यावस्त्या फिरायच्या, हे मला पटत नाही. सोयरिकीतही काय सांगणार? एका एजंटाने दक्षिण आफ्रिकेतलं चार आठवड्यांचं काम सुचवलंय. अनाथ सिंहांचे छावे सांभाळायचे, खर्च अडीच लाख. त्या सर्टिफिकेटवर पुढे परदेशात वाइल्डलाइफ व्हेटला प्रवेश सोपा होतो म्हणतात. पाठवू का? — एक पालक, निफाड तालुका

उत्तर : पाठवू नका. आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊही नका.

कारण सांगते, पण मी आधी तुमच्या 'सोयरिकीतही काय सांगणार'पाशी अडले. गाय अडली की रात्री दोन वाजता तुम्ही फोन कुणाला लावता? तो माणूस वेळेत पोचला नाही तर गाय आणि वासरू दोन्ही हातचं जातं, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याच विद्येला आफ्रिकेचं नाव लागलं की तुमचे अडीच लाख सुटतात आणि निफाडचं नाव लागलं की मान खाली जाते. ही अडचण मुलीची नाही, तुमची आहे. 'मुलाला काय करायचंय तेच कळत नाही' अशी पत्रं मला ढिगाने येतात. तुमच्या लेकीने शाळेत असतानाच साथीच्या दिवसांत गोठे पालथे घातलेत, आणि तरी तिला काय जमेल हे तुम्ही एजंटाला विचारताय.

आता ते अनाथ छावे. दक्षिण आफ्रिकेत सुमारे ८,००० सिंह फार्मवर पाळलेले आहेत, रानातल्या सिंहांच्या दुपटीहून जास्त. तिथले बहुतेक छावे अनाथ नसतात, त्यांना अनाथ केलं जातं. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ते आईपासून तोडतात. पिल्लं अंगावर नसली की सिंहीण लवकर माजावर येते, आणि साडेतीन महिन्यांच्या गाभणकाळानंतर पुन्हा पिल्लं मिळतात. गोठा असलेल्या माणसाला हा हिशोब समजावावा लागत नाही. बाटलीने दूध पाजायला परदेशी मुलं पैसे मोजून येतात, म्हणजे पगारी माणूसही लागत नाही. छावे वाढले की पर्यटकांबरोबर फिरवायचे, आणि मोठे झाले की अनेकांची रवानगी कुंपणातल्या शिकारीला, म्हणजे पैसे मोजणाऱ्या शिकाऱ्यांसमोर कुंपणात सोडायचे. हाडांचाही व्यापार होता. २०१८ साली सरकारने आधी १,५०० सांगाड्यांच्या निर्यातीची मुभा दिली होती. तिथली प्राणिसंरक्षण संस्था कोर्टात गेली आणि २०१९ मध्ये प्रिटोरियाच्या न्यायालयाने हे निर्यातीचे कोटे बेकायदा ठरवले. २०२१ मध्ये सरकारी समितीनेच हा पाळीव सिंहांचा धंदा बंद करावा असं सुचवलं. 'माणसाच्या हातावर वाढलेला छावा पुढे रानात सोडणार' असं एजंट म्हणत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

खरं पाहता हे तुमच्या भागात लोकांना जास्त कळायला हवं. ऊसतोडणीत बिबट्याचे बछडे सापडतात, तेव्हा जाणते वनकर्मी त्यांना उचलून नेत नाहीत. तपासणी करून संध्याकाळी क्रेटमध्ये त्याच फडात ठेवतात आणि लांबून नजर ठेवतात. आई रात्री येते, एकेक करून घेऊन जाते. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्यक जुन्नर परिसरात हे काम वर्षानुवर्षं करताहेत. तेही शेवटी बीव्हीएससीच झालेले आहेत.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर प्रवेशाला ते उपयोगाचं नाही. दक्षिण आफ्रिकेत पशुवैद्यक घडवणारी विद्याशाखा एकच, प्रिटोरिया विद्यापीठाची, आणि तिथे शास्त्र विषयांचे गुण बघतात. आपल्याकडे बीव्हीएससीला नीटचेच गुण लागतात. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर, सगळीकडे अर्ज भरा. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. नंतर परदेशात प्रॅक्टिस करायची तर त्या त्या देशाची परीक्षा असते, ती तेव्हा बघता येईल.

परदेशातल्या प्राण्यांसाठी काही करण्याची तिची स्वतःची इच्छा असेल, तर ती चांगलीच आहे. मात्र कुठल्याही संस्थेला पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या : तुमच्याकडे पिल्लं होऊ देता का, पाहुण्यांना हात लावू देता का, आणि मोठी झालेली जनावरं आज कुठे आहेत? दक्षिण आफ्रिकेतच बेथलेहेमजवळ लायन्सरॉक नावाचं आश्रयस्थान आहे. तिथे सर्कशीतून, प्राणिसंग्रहालयांतून सोडवलेले सिंह ठेवतात, प्रजनन करत नाहीत आणि छावे मांडीवर देत नाहीत. अशा ठिकाणी तिने वाढदिवसाचे हजार रुपये पाठवले, तरी त्या अडीच लाखांपेक्षा सिंहांचं जास्त भलं होईल.

आणि पदवी हातात आली की गोव्यात जाऊ दे. मिशन रेबीज ही मूळची ब्रिटिश संस्था सरकारबरोबर तिथे कुत्र्यांना लस टोचते, परदेशातले पशुवैद्यक स्वखर्चाने त्या कामाला येतात. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. जाळं घेऊन कुत्र्यांमागे पळायचं, घाम गाळायचं काम आहे, सोयरिकीत दाखवायला फोटो फारसे बरे येणार नाहीत.

अडीच लाख मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवा. कागदपत्रांत जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर लागू असेल तर तो आजच काढायला टाका. दरवर्षी मुलं तिथेच अडकतात.