28 चे 18.67 झाले, म्हणजे बुडाले का?

"मॅडम, नऊ युनिटं गेली पोराची. सरळ नऊ!"

2018 च्या मे महिन्यातली एक शनिवारची दुपार, परदेशी शिकणाऱ्यांना सल्ला देण्याचं माझं ऑफिस. टेबलापलीकडे वडील, आई आणि पांढरी टोपी मांडीवर ठेवून बसलेले आजोबा. मुलगा कॅलिफोर्नियात, सरकारी विद्यापीठात एमएस करत होता. वडिलांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. विद्यापीठाच्या पत्रकात त्याने मिळवलेल्या युनिटांचे, म्हणजे श्रेयांकांचे, दोन रकाने होते: जुनी आणि नवी. डावीकडे 28, उजवीकडे 18.67.

असा फोटो घेऊन येणारे ते पहिले नव्हते आणि शेवटचेही नाहीत. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचे कॅम्पस एकामागून एक क्वार्टर (वर्षाची तीन सत्रं) सोडून सेमिस्टरवर (वर्षाची दोन) गेले: बेकर्सफील्ड आणि लॉस एंजेलिस 2016 मध्ये, ईस्ट बे आणि पोमोना 2018 मध्ये, सॅन बर्नार्डिनो 2020 मध्ये. सॅन लुईस ओबिस्पोने 2026 चा फॉल (शरदातलं सत्र) धरला, म्हणून हा प्रश्न आता पुन्हा येतो आहे. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीने तर 2012 मध्येच हे केलं. तिथे मास्टर्सची 45 क्रेडिट-तासांची अट 30 झाली आणि पीएचडीची 120 ची 80. त्या वेळीही पालक असेच घाबरे होऊन आले होते.

हिशेब सरळ आहे. क्वार्टर दहा आठवड्यांचं, सेमिस्टर पंधरा. तीन क्वार्टरची शिकवणी तीस आठवडे, दोन सेमिस्टरचीही तीसच. म्हणून जुन्या युनिटाला दोन-तृतीयांशाने गुणायचं. 28 चे 18.67 होतात, तसे पदवीला लागणाऱ्या 45 चेही 30 होतात. आधी 17 उरले होते, आता 11.33. रस्ता तेवढाच आहे, फक्त मैलाचे दगड बदलले.

वडिलांना ते पटेना. आकडा कमी दिसतो ना, मन तिथेच अडतं.

तोवर गप्प असलेले आजोबा म्हणाले, "अरे, नव्या पैशासारखंच झालं हे." 1957 च्या एप्रिलमध्ये आणे जाऊन नवे पैसे आले, तेव्हा ते साताऱ्यात किराणा दुकानात गल्ल्यावर होते. "रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर पैसे झाले. रुपया रुपयाच राहिला. पण एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, आणि पाव पैसा कोण देणार? सहाच द्यायचे. तो पाव पैसा गिऱ्हाइकाचाच जायचा." मग माझ्याकडे वळून, "तुमच्याकडे पाव पैसा कुणाचा जातो?"

इतक्या वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याने मला इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही.

विद्यार्थ्याचाच जातो, मी म्हटलं. उरलेत 11.33, पण नवा कोर्स तीन युनिटांचा, त्यामुळे घ्यावी लागणार बारा. परराज्यातल्या आणि परदेशी विद्यार्थ्याला तेव्हा क्वार्टर युनिटामागे 264 डॉलर जादा पडायचे, सेमिस्टर युनिटामागे 396. सतराचे 4,488 डॉलर, बाराचे 4,752. फरक 264, म्हणजे बरोबर एका जुन्या युनिटाची किंमत. आजोबांनी मान हलवली. पाव पैसा सापडला होता.

खरी काळजी मात्र त्या पत्रकात नव्हतीच. रात्री साडेनऊला मुलाला व्हिडिओ कॉल लावला, तिथले सकाळचे नऊ. मी त्याला कोरा कागद घ्यायला सांगितला. प्रत्येक कोर्ससमोर तीन गोष्टी लिहायच्या: झाला की उरला, दुसऱ्या कोर्सशी जोडलेला आहे का, आणि वर्षात कधी शिकवतात. पाचव्या ओळीवर पेन थांबलं. एक विषय तीन क्वार्टरांच्या मालिकेत होता. त्याने पहिला आणि दुसरा भाग केला होता, तिसरा पुढच्या वर्षावर टाकला होता. नव्या रचनेत ती मालिका दोन सेमिस्टरांत बसवली होती. तीस आठवड्यांपैकी वीस त्याचे झालेले, आणि नवा दुसरा भाग सुरू होणार सोळाव्यापासून. म्हणजे पाच आठवडे तेच पुन्हा, किंवा जुना तिसरा भाग शेवटच्या उन्हाळी क्वार्टरमध्ये उरकायचा.

"हे विद्यापीठाने कळवलं नाही का?" आईने विचारलं.

पलीकडे जरा शांतता. वर्षभरात त्याला या विषयावर अकरा ईमेल आल्या होत्या. त्याने एकही उघडली नव्हती. सल्लागारांची वेळ घ्या, आराखडा भरून सही घ्या, असं प्रत्येकीत लिहिलेलं होतं.

मग तारखा. क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं, सेमिस्टर ऑगस्टच्या उत्तरार्धात. त्या वर्षी गणपती 13 सप्टेंबरला. चिरंजीव गौरी-गणपतीला घरी येऊन 18 तारखेला परतणार म्हणून वडिलांनी तिकीट काढून ठेवलं होतं. परतेपर्यंत वर्गाचे चार आठवडे उलटले असते. आईचा चेहरा युनिटांना उतरला नव्हता तेवढा इथे उतरला.

आता दोन वाटा होत्या. उन्हाळ्यात मालिकेचा तिसरा भाग घ्यायचा (28 चे 32 होतात, त्यांचे 21.33), फॉलमध्ये एक कोर्स आणि पूर्ण प्रोजेक्ट मिळून नऊ युनिटं, की डिसेंबरात 30.33 वर पदवी. किंवा हातात आलेली उन्हाळी इंटर्नशिप करायची, फॉलमध्ये दोन कोर्स आणि अर्धा प्रोजेक्ट, उरलेला स्प्रिंगमध्ये (जानेवारी ते मेच्या सत्रात), आणि मेमध्ये पदवी. जुन्या वेळापत्रकात तो मार्चमध्ये मोकळा झाला असता, म्हणजे दोन महिने लांबत होतं. वर दोन क्वार्टरांऐवजी दोन सेमिस्टरांचं मूळ शुल्क. शेवटच्या सत्रात सहाच्या आतच युनिटं असल्याने ते कमी दराने, तरी खर्चच.

माझा कल डिसेंबरकडे होता आणि मी तसं बोलून दाखवलं. मुलाने इंटर्नशिप धरली. पुढे त्याच कंपनीने त्याला घेतलं, तेव्हा माझा सल्ला मी सोयीस्करपणे विसरले.

त्याला तीन कामं लावून दिली. एक, विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरकडून आराखड्यावर सही: जुने सात कोर्स नव्या यादीत कशासमोर धरले जातील ते लेखी. तोंडी "होऊन जाईल" नको, माणसं रजेवर जातात, बदलतात. दोन, परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात भेट. आय-ट्वेंटीवर (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रमाणपत्र) जूनपर्यंतची मुदत होती, त्यामुळे मे बसत होता. नसता बसला तर मुदत संपायच्या आधीच वाढवून घ्यावी लागते, नंतर नाही. पण स्प्रिंगमध्ये फक्त तीन युनिटं घेणं म्हणजे पूर्ण वेळापेक्षा कमी. शेवटच्या सत्रात तशी मुभा मिळते, मात्र आधी परवानगी घेऊन. इथे मुलं घसरतात. विभागाच्या लेखी सगळं ठीक असतं आणि व्हिसाच्या लेखी नसतं. तीन, ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीच्या, अर्जाची खिडकी नव्याने मोजायची. अभ्यासक्रम संपायच्या नव्वद दिवस आधीपासून साठ दिवस नंतरपर्यंत अर्ज करता येतो. संपण्याची तारीख मार्चवरून मेवर गेली की खिडकीही सरकते, आणि नोकरीवर रुजू व्हायची तारीख कंपनीला सांगताना हेच धरावं लागतं.

जून संपायच्या आत सही झाली. त्या पाच पुनरावृत्तीच्या आठवड्यांबद्दल मी त्याला नंतर विचारलं. म्हणाला, "मॅडम, तेव्हाच प्रोजेक्टची पहिली दोन प्रकरणं लिहून काढली. आणि खरं सांगू? दुसऱ्यांदा जास्त कळलं."

तिकीट बदलायला वडिलांना दंड भरावा लागला, आणि त्या गणपतीत आरतीचं ताट आजोबांनीच धरलं. पण सेमिस्टरने एक दिलंही. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सलग सुट्टी, क्वार्टरमध्ये ती कधीच एवढी लांब नव्हती. संक्रांतीला तो तिळगुळाची पुडी घेऊन ऑफिसात आला. सोबत आराखड्याची घडी पडलेली प्रत होती. छापील 18.67 च्या शेजारी कुणीतरी पेन्सिलीने थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: सोळा आणे.