काइल मॅकॉर्डमुळे ओहायो स्टेट हरलं का?

तुमचा प्रश्न असा: "नुकताच शिकायला कोलंबसला आलोय. काइल मॅकॉर्डचं नाव निघालं की माझे दोन रूममेट अजून भांडतात. एक म्हणतो त्याच्यामुळे २०२३ ची मिशिगनची मॅच गेली, दुसरा म्हणतो पोराचा बळी दिला. खरं काय?"

मॅकॉर्ड म्हणजे २०२३ मधला इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, बॉल फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. मी दुसऱ्या रूममेटच्या बाजूचा आहे. पण २५ नोव्हेंबर २०२३ च्या दुपारी मी पहिल्याच्या बाजूला होतो, आणि ते आधीच सांगितलेलं बरं. मॅच संपल्यावर पाच मिनिटांत मी मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "याला बदला. याच्याच्यानं होणार नाही." नंतर ती मॅच पुन्हा शांतपणे पाहिली आणि ते वाक्य मला फार लागलं. तो मुलगा तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

आधी एक गोष्ट. तुम्ही नवे आहात, म्हणून तुम्हाला हे भांडण अवाजवी वाटत असेल. मी कोल्हापूरचा आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठेपेठेत काय ईर्ष्या असते ते लहानपणापासून पाहिलंय. तो फुटबॉल पायाचा, हा हाताचा, ईर्ष्या तीच. कोलंबसमध्ये एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, संघ नाही. इथे जे काही आहे ते विद्यापीठाचा संघ. स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस बसतो. मिशिगनच्या मॅचच्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांमधल्या एम या अक्षरावर लाल पट्ट्या चिकटवतात, आणि जुनी माणसं मिशिगनचं नावसुद्धा घेत नाहीत, "तो वरच्या अंगाचा संघ" असं म्हणतात. मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला पँटच्या आकाराचं एक छोटं सोन्याचं पदक मिळतं. ही प्रथा १९३४ पासूनची. बाकी सगळं वर्ष जिंकलात आणि ही एक हरलात, तर इथे वर्ष वाया गेलं असंच समजतात.

आता मॅच. दोन्ही संघ अकरापैकी अकरा जिंकून मिशिगनच्या गावी, अ‍ॅन आर्बरला, समोरासमोर आले. तेव्हा राष्ट्रीय प्लेऑफमध्ये देशातून फक्त चार संघ जायचे, म्हणजे हरणाऱ्याचा मोसम जवळपास तिथेच संपणार हे सगळ्यांना माहीत होतं. मिशिगन ३०-२४ ने जिंकलं. शेवटचे पंचवीस सेकंद उरले असताना मॅकॉर्डने आपल्या मार्व्हिन हॅरिसन ज्युनियरने झेलावा म्हणून टाकलेला बॉल मिशिगनच्या रॉड मूरने झेलला, आणि विषय संपला. टीव्हीवर तो एकच झेल पुन्हा पुन्हा दाखवत राहिले. तुमच्या पहिल्या रूममेटच्या डोक्यात जी मॅच आहे ती एवढीच आहे.

तो फेक नीट पाहा. मॅकॉर्डचा हात पुढे येतानाच मिशिगनचा जेलन हॅरेल त्याच्यावर येऊन आदळतो. बॉल जायला हवा होता तिथे गेलाच नाही. क्वार्टरबॅकला फेकायला जे दोन-तीन सेकंद लागतात ते त्याच्या पुढची लाइन, म्हणजे त्याचं रक्षण करणारी रांग, विकत घेऊन देत असते. तिथे लाइनने ते दिले नाहीत.

आणि त्याआधी काय झालं ते कुणी बोलत नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये हॅरिसनच्या टचडाउनने (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणं) आपण २७-२४ पर्यंत आलो होतो. आठ मिनिटं बाकी होती. पुढची जवळजवळ सात मिनिटं बॉल मिशिगनकडेच राहिला. चार यार्ड, पाच यार्ड, पुन्हा चार यार्ड करत त्यांनी घड्याळ खाल्लं आणि वर फील्ड गोल मारून, म्हणजे लाथेने बॉल खांबांमधून घालून, आणखी तीन गुण घेतले. त्या सात मिनिटांत मॅकॉर्ड बाकावर हेल्मेट घालून बसून होता. आपल्या बचावाला त्यांना एकदाही थांबवता आलं नाही. मग त्याच्या हातात उरलं एक मिनिट आणि पाच सेकंद, आणि आता फील्ड गोल पुरणार नव्हता, टचडाउनच हवा होता. त्यातही त्याने संघाला मिशिगनच्या अर्ध्यात नेलं होतं.

त्याची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. पहिल्या क्वार्टरमधलं इंटरसेप्शन (आपला फेक समोरच्यांनी झेलणं) त्याचंच होतं. मिशिगनचा विल जॉन्सन हॅरिसनच्या आतल्या बाजूला येऊन उभा होता हे त्याने पाहायला हवं होतं. जॉन्सनने बॉल थेट आपल्या गोलरेषेजवळ आणला आणि त्यांच्याच ब्लेक कोरमने तो आत नेला. सात गुण तिथे फुकट गेले, आणि आपण हरलो सहा गुणांनी. पहिला रूममेट हा हिशेब मांडत असेल तर त्याला खोटं पाडता येत नाही. शिवाय मॅकॉर्ड पायाने चपळ नव्हता. लाइन फुटली की तिथून निसटून काही घडवणं त्याला जमायचं नाही, आणि काही वर्षांपूर्वीच्या आपल्या क्वार्टरबॅकला, जस्टिन फील्ड्सला, ते जमायचं. लोकांच्या डोळ्यांत अजून फील्ड्सच होता.

पण त्या दिवसाचे त्याचे आकडे ३० पैकी १८ फेक, २७१ यार्ड, दोन टचडाउन, दोन इंटरसेप्शन असे होते. त्या वर्षी देशातल्या सगळ्यात कडक बचावांपैकी एका बचावासमोर, त्यांच्याच एक लाख दहा हजार लोकांपुढे. पूर्ण मोसमात २४ टचडाउन आणि फक्त ६ इंटरसेप्शन. त्या सहातले दोन त्या दुपारचे. आणि जे मिशिगन त्याच्यावर भारी पडलं ते पुढे सगळ्यांवरच भारी पडलं, जानेवारीत वॉशिंग्टनला ३४-१३ ने हरवून देशाचे विजेते झाले.

त्याच मोसमातली नोत्र दामची मॅच कुणी काढत नाही याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. २३ सप्टेंबर, साउथ बेंड. १४-१० ने मागे, दीड मिनिटापेक्षा कमी वेळ, ६५ यार्ड जायचं. तिसऱ्या डाउनला (पुढे सरकायच्या चारपैकी तिसऱ्या संधीला) १९ यार्ड हवे होते तिथे त्याने आपल्या एमेका एग्बुकाला बॉल पोचवला. एक सेकंद उरला असताना आपला चिप ट्रेयानम घुसला आणि १७-१४. त्या शेवटच्या खेळीत नोत्र दामचे अकराऐवजी दहाच खेळाडू मैदानात होते. त्या रात्री नशीबही त्याच्या बाजूने होतं, हे खरं. पण त्या रात्री इथे कोलंबसच्या हाय स्ट्रीटवर लोक त्याच्याच नावाने ओरडत होते, तेही मी पाहिलं. दोन महिन्यांत तेच लोक, त्यात मीही, त्याला हाकला म्हणत होतो.

आणि हे त्याच्यापासून सुरू झालं नाही. त्याच्या आधी सी. जे. स्ट्राउड होता. २०२१ ला मिशिगनकडून ४२-२७, २०२२ ला घरच्या मैदानावर ४५-२३. "मोठ्या मॅचमध्ये याचं काही चालत नाही" हे स्ट्राउडबद्दल इथल्या बारमध्ये, ऑफिसात, आमच्या गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाता खातासुद्धा मी ऐकलंय. तो एनएफएलमध्ये ह्यूस्टनला गेला आणि पहिल्याच वर्षी आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. तेव्हाही प्रश्न त्याच्या हातात नव्हता. बचावच ४५ गुण देत असेल तर क्वार्टरबॅकने किती करायचे?

पराभवानंतर नऊ दिवसांनी, ४ डिसेंबरला मॅकॉर्डने ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव टाकलं. पोर्टल म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायचंय असं जाहीर करायची सोय. अकरा मॅच जिंकून एक हरलेला क्वार्टरबॅक निघून गेला आणि इथे बरेच जण खूश झाले. "त्याच्या जागी कुणीही चालेल" हे वाक्य त्या आठवड्यात मी किती वेळा ऐकलं असेल! मग २९ डिसेंबरला कॉटन बोल ही मोसमाअखेरची मॅच झाली, मिझुरीविरुद्ध. मॅकॉर्डच्या जागी उतरलेला डेव्हिन ब्राउन सुरुवातीलाच जखमी झाला, मग त्याहून नवा मुलगा आला. ओहायो स्टेटचे पूर्ण मॅचमध्ये तीन गुण. १४-३ ने हार. हॅरिसन त्या दिवशी खेळला नव्हता, हे धरूनसुद्धा, "कुणीही चालेल" म्हणणारे त्या रात्री गप्प होते.

मॅकॉर्ड सिरॅक्यूजला गेला. लहान संघ, फ्रॅन ब्राउन हा प्रशिक्षक पहिल्याच वर्षाचा, लाइन ओहायो स्टेटच्या पासंगालाही नाही. तिथे त्याने २०२४ मध्ये ४,७७९ यार्ड फेकले. एसीसी परिषदेतला (सिरॅक्यूज ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्यातला) एका मोसमाचा विक्रम डेशॉन वॉटसनच्या नावावर होता, तो मोडला. संघ दहा मॅच जिंकला. मी त्या वर्षी सिरॅक्यूजच्या जमेल तितक्या मॅच पाहिल्या, थोड्या अपराधी मनाने. पिट्सबर्गविरुद्धचीही पाहिली. तिथे त्याने पाच इंटरसेप्शन दिले आणि ४१-१३ ने धुलाई झाली. पहिल्या रूममेटला ही मॅच माहीत असेल तर तो ती नक्की काढेल. काढू दे. दबावाखाली हा मुलगा कधी कधी हट्टाने चुकीच्या जागी बॉल टाकतो, हे खरंच आहे. पण त्या पाचनंतर प्रशिक्षक फ्रॅन ब्राउनने त्याला बसवलं नाही. पुढच्या शनिवारी तोच उभा राहिला.

आता ३० नोव्हेंबर २०२४ चा शनिवार घ्या. तुमच्या प्रश्नाचं माझ्यासाठीचं उत्तर त्या एका दिवसात आहे. दुपारी बाराला कोलंबसमध्ये ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन. मॅकॉर्डच्या जागी कॅन्सस स्टेटहून आणलेला विल हॉवर्ड. मिशिगन त्या वर्षी अगदी साधं होतं, पाच मॅच हरून आलेलं. त्यांनी पूर्ण मॅचमध्ये फेकून जेमतेम ६० यार्ड काढले. तरी १३-१० ने तेच जिंकले. हॉवर्डने दोन इंटरसेप्शन दिले, मॅकॉर्डइतकेच, यार्ड त्याच्यापेक्षा शंभरने कमी, आणि समोरचा संघ कितीतरी कमजोर. मी सुन्न होऊन सोफ्यावर बसलो होतो. बायकोने चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला. चॅनल बदललं तर सिरॅक्यूज विरुद्ध मायामी चालू होती. सिरॅक्यूज २१-० ने मागे पडलं होतं. मॅकॉर्डने त्या मॅचमध्ये ३८० यार्ड फेकले आणि तिथून ४२-३८ ने मॅच काढली. त्या पराभवाने मायामीची परिषदेची अंतिम फेरी हुकली.

हॉवर्डलाही त्या रात्री काय काय ऐकावं लागलं ते विचारू नका. प्रशिक्षक रायन डेला काढा, हॉवर्डला बसवा. शब्दसुद्धा मागच्या वर्षीचेच, फक्त नाव बदललेलं. फरक एकच होता. २०२४ पासून प्लेऑफ बारा संघांचं झालं होतं. मिशिगनकडून हरल्यावरही ओहायो स्टेट आत राहिलं. तीन आठवड्यांनी, २१ डिसेंबरला, तोच हॉवर्ड टेनेसीविरुद्ध उतरला आणि ४२-१७. मग रोझ बोलमध्ये ऑरेगॉन ४१-२१. मग टेक्सास २८-१४. आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोत्र दामविरुद्ध ३४-२३. त्या अंतिम सामन्यात त्याचे २१ पैकी १७ फेक लागले. शेवटी शेवटी नोत्र दाम जवळ येत होतं, तिसऱ्या डाउनला ११ यार्ड हवे होते, सगळ्यांना वाटलं आता सावध खेळणार. त्याने आपल्या जेरेमाया स्मिथला ५६ यार्डांचा लांब बॉल टाकला. त्या क्षणी मी रडलो. आनंद तर होताच, पण डोक्यात सारखं येत होतं की २०२३ मध्ये बारा संघ असते तर मॅकॉर्डलाही तीन आठवड्यांनी असाच एक शनिवार मिळाला असता. त्याने तो जिंकलाच असता असं मी म्हणत नाही. मिळाला असता, एवढंच.

म्हणून रूममेटना विचारायचंच असेल तर हे विचारा: हॉवर्डने मिशिगनविरुद्ध त्याच्याहून वाईट खेळ केला, तरी तो इथे देव आणि मॅकॉर्ड शिवी, हे कशामुळे? पहिल्याला उत्तर देता आलं तर मला नक्की कळवा. मला खरंच ऐकायचंय, कारण मी तीन वर्षं स्वतःशी हाच वाद घालतोय.

एप्रिल २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, दोघांचीही नावं सहाव्या फेरीत पुकारली. मॅकॉर्ड १८१ वा, फिलाडेल्फियाला. हॉवर्ड १८५ वा, पिट्सबर्गला. मध्ये फक्त तीन नावं. हॉवर्डकडे राष्ट्रीय विजेतेपदाची अंगठी आहे, मॅकॉर्डकडे नाही. आणि मिशिगनला हरवल्यावर मिळते ती छोटी सोन्याची पँट दोघांपैकी कुणाकडेच नाही.