वाचकांचे प्रश्न : बासच्या लुअरला कोणती लाइन?

अमेरिकेतल्या तळ्यांवर बास हा गोड्या पाण्यातला मासा गरवणाऱ्या वाचकांची पत्रं साठली होती. बहुतेकांचं दुखणं एकच : रॉड-रील पारखून घेतले, लुअरचा (नकली आमिषांचा) डबा भरला आणि लाइन, म्हणजे गळाची दोरी, मात्र दुकानात पहिली हाताला लागली ती उचलली. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझ्या बेटकास्टिंग रीलवर १५ पौंडी (तेवढा ताण सोसणारी) फ्लोरोकार्बन लाइन आहे. जिगला (वजनदार डोक्याच्या गळाला) आणि प्लास्टिकच्या अळीला झकास चालते. पहाटे पाण्यावर तरंगणारा पॉपर लुअर टाकला की मात्र तो पाणी उडवायचं सोडून नाक खुपसतो. लुअर सदोष आहे का? (ऑस्टिन, टेक्सास)

उत्तर : लुअर चांगला आहे, लाइन बुडते आहे. फ्लोरोकार्बन पाण्याच्या जवळपास पावणेदोन पट जड. पॉपर पडल्यावर पाण्यावरची वलयं विरेपर्यंत तुम्ही थांबता, तेवढ्या वेळात त्याच्या पुढची लाइन झोळीसारखी खाली उतरते. पुढच्या झटक्याला ओढ समोरून न बसता खालून बसते आणि पॉपरचं तोंड पाण्यात जातं.

पॉपरला १२ ते १५ पौंडी साधी नायलॉन मोनो, म्हणजे आपली तंगूस, लावा. तीही पाण्यापेक्षा किंचित जड असते, पण इतक्या सावकाश बुडते की दोन झटक्यांच्या मधे वरच राहते. डावी-उजवीकडे नागमोडी चालणारे लांबट लुअर दूर फेकायचे असतील तर ३० पौंडी ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली लाइन, चांगली, कारण ती चक्क तरंगते. फक्त तिच्या टोकाला फूट-दीड फूट १५-२० पौंडी मोनो जोडा. नुसती ब्रेडेड सुतासारखी लुळी असते, ती पुढच्या तिहेरी गळाभोवती गुंडाळते आणि लुअर आडवा होऊन परत येतो.

‘फ्लोरोकार्बन पाण्यात दिसतच नाही’ हे दुकानातलं वाक्य अर्धंच खरं. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा साधारण १.५३. आकडा पाण्याच्या जितका जवळ, तितकी लाइन कमी दिसते. म्हणजे फ्लोरोकार्बन कमी दिसते, अदृश्य होत नाही. पाण्यावर चालणाऱ्या लुअरला त्या गुणाचा उपयोगही नाही.

प्रश्न : गंटर्सव्हिल तलावात पाणवनस्पतींच्या गालिच्यावर पोकळ रबरी बेडूक ओढतो. मासा धाडकन येतो, पण दहातले सात सुटतात. लाइन २० पौंडी मोनो आहे. (हंट्सव्हिल, अलाबामा)

उत्तर : हे काम मोनोचं नाही. बेडकाचे दोन्ही गळ अंगाला चिकटून वर वळलेले असतात. माशाच्या जबड्यात रबर चेपलं गेलं तरच टोकं उघडी पडतात आणि ती जाड गळ हाडात रुतवायला जबर झटका लागतो. नायलॉन तुटेपर्यंत २० ते ३० टक्के ताणली जाऊ शकते, त्यामुळे लांबवर तुमचा निम्मा झटका लाइनच खाऊन टाकते. वर मासा खाली शिरून हायड्रिला या पाणवनस्पतीला वेढा घालतो. मोनो त्या देठांवरून नुसती घसरते, ताणलेली ब्रेडेड मात्र ते कापत येते.

५० पौंडी ब्रेडेड घ्या, गालिचा दाट असेल तर ६५ पौंडी. आकड्याला बिचकू नका : ५० पौंडी ब्रेडेड जाडीला साधारण १२ पौंडी मोनोइतकीच असते. लीडर, म्हणजे टोकाला जोडायचा वेगळ्या लाइनचा तुकडा, लावू नका. गवताखालून वर बघणाऱ्या माशाला लाइन दिसत नाही, आणि जोडाची गाठ प्रत्येक फेकीला शेवाळाची जटा घेऊन येते. पालोमार गाठ मारून थेट बांधा. पाणी फुटताक्षणी झटका देऊ नका. रॉडचं टोक खाली न्या, वजन हाताला जाणवू द्या, मग मारा.

ब्रेडेड भरताना स्पूलवर आधी दहा-बारा मीटर मोनो गुंडाळा. गुळगुळीत धातूवर ब्रेडेड पकड घेत नाही. सगळा गुंडाळा जागच्या जागी फिरतो आणि माणूस बिचारा ड्रॅग (मासा ओढू लागला की बेताने लाइन सोडणारा ब्रेक) बिघडला म्हणून रील खोलून बसतो.

प्रश्न : ब्रेडेड इतकी आवडली की सगळ्या रीलवर तीच भरली. आता क्रँकबेटला (ओढताच डुलत खाली जाणाऱ्या लुअरला) लागलेले मासे उडी मारून गळ झटकतात. (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना)

उत्तर : बेडकाला जो गुण, तोच क्रँकबेटला दोष. त्याचे तिहेरी गळ बारीक असतात आणि बऱ्याचदा ओठाच्या पातळ कातडीतच अडकतात. लाइन जराही न ताणणारी असली की माशाच्या प्रत्येक हिसड्याला ते भोक रुंदावतं. १० ते १२ पौंडी फ्लोरोकार्बन भरा आणि मधूनही वाकणारी, मऊ रॉड वापरा. खोल जाणाऱ्या क्रँकबेटला १० पौंडीच ठेवा. लाइन जितकी जाड तितका पाण्याचा अडसर जास्त, आणि १७ पौंडीवर तोच लुअर फूट-दोन फूट वरच राहतो. तळ खरवडत जायला हवा असेल तर हे अंतर फार झालं.

थांबत थांबत ओढायच्या जर्कबेटला ८ ते १२ पौंडी फ्लोरोकार्बन. स्पिनरबेट, चॅटरबेट या पात्याच्या लुअरना आणि जिगला १५ ते १७. तिथे गळ एकच आणि जाड, त्यामुळे फार विचार करायला नको.

फ्लोरोकार्बन ताणत नाही, हाही गैरसमज. ती ताणते, आणि एकदा बेताबाहेर ताणली की पूर्ववत होत नाही. लुअर ओंडक्यात अडकून जोरात ओढावा लागला असेल तर पुढची दोन मीटर लाइन कापून टाका. पुढच्या मोठ्या माशाला ती तिथेच जाते.

प्रश्न : सेंट क्लेअर सरोवरात स्मॉलमाउथ या बासच्या जातीसाठी ड्रॉप शॉट (तळाला वजन, त्याच्या वर गळ) वापरतो. स्पिनिंग रीलवर १० पौंडी ब्रेडेड, पुढे ८ पौंडी फ्लोरोकार्बन. मासे वारंवार तुटून जातात. माल खोटा असेल का? (डेट्रॉईट, मिशिगन)

उत्तर : जोडी बरोबर आहे. मालाला दोष देण्याआधी तुटलेलं टोक उजेडात धरा. टोक डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं झालं असेल तर लाइन तुटलेली नाही, गाठ सुटली आहे. टोकाजवळ लाइन पांढरट, खरखरीत असेल तर ती घासली गेली आहे. गाठीतच तुटली असेल तर बहुधा तुम्ही ती कोरडी आवळली : घर्षणाच्या उष्णतेने फ्लोरोकार्बन तिथल्या तिथे भाजते. थुंकी लावा आणि सावकाश ओढा.

तुमच्या पाण्यात संशय घासण्यावरच. सेंट क्लेअरमध्ये १९८८ साली झेब्रा शिंपले सापडले, आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. लीडर दोन-अडीच मीटर ठेवा. दर माशानंतर शेवटचा मीटर चिमटीतून फिरवा, नखाला जरा खरखर लागली तरी तेवढा कापून पुन्हा बांधा.

जोडाला डबल युनी गाठ पुरते. दोन्ही टोकं वीतभर एकमेकांवर घ्या. फ्लोरोकार्बनचे ५ वेढे, ब्रेडेडचे ८, कारण ती घसरते. दोन्ही गाठी ओल्या करून वेगवेगळ्या आवळा, मग मुख्य लाइन दोन्हीकडून ओढून त्यांना भिडवा. एफजी गाठ रॉडच्या कड्यांतून जास्त सफाईने जाते हे खरं, पण हलत्या बोटीत, वाऱ्यात ती बांधणं ज्याला जमेल त्याने बांधावी.

स्पूल काठोकाठ भरू नका, ३ मिलिमीटर कड मोकळी ठेवा. फेकल्यावर बेलची तार (रीलवर लाइन धरणारी कमान) हॅंडल फिरवून नव्हे, हाताने पाडा. लाइनला पीळ बसणं आणि झुबके सुटणं त्याने बरंच कमी होतं.

प्रश्न : मे महिन्यात मालवणला येतोय. बासचं हेच सामान खाडीत चालेल का? (अटलांटा, जॉर्जिया)

उत्तर : रील गंजरोधक असेल तर चालेल, पुढचा तुकडा मात्र बदला. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असते, आणि तांबोशी गळ लागताच खडकात नाहीतर कांदळवनाच्या मुळांत घुसते. दोन्हीकडे कालवं वाट बघत असतातच. ३० ते ४० पौंडी ब्रेडेडला दोन-तीन फूट ४० पौंडी लीडर जोडा : खाली चालणाऱ्या लुअरला फ्लोरोकार्बन, वर तरंगणाऱ्याला मोनो. आतल्या गावातल्या तळ्यात मरळ गरवायची असेल तर गंटर्सव्हिलचाच बेडूक आणि तीच ५० पौंडी ब्रेडेड न्या, लीडरशिवाय. खाडीवरून आल्यावर रील गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. जोराची धार मारली तर मीठ आणखी आत जातं.